वडोदऱ्यात हॉस्पिटलिस्ट म्हणून रुजू होताना

एमडी मेडिसिन झालात, नागपूर-पुण्याकडून वडोदऱ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या रुग्णालयात नेमणूक मिळाली आणि पत्रावर पदाचं नाव आहे 'हॉस्पिटलिस्ट'. घरचे विचारणारच, म्हणजे कसले डॉक्टर? हृदयाचे की किडनीचे? मला हे दांडिया बाजारातल्या घरी आजीनं विचारलं होतं. "दाखल झालेल्या पेशंटची डॉक्टर," मी म्हटलं. ती म्हणाली, "मग बाकीचे डॉक्टर कोणाचे गं?"

प्रश्न बिनतोड होता. दाखल झालेल्या माणसाला हृदयवाले बघून जातात, किडनीवाले बघून जातात, फिजिओथेरपिस्ट येतात, आहारतज्ज्ञ पथ्य लिहून देतात. या सगळ्यातून आज त्या माणसाचं नेमकं काय चाललंय, हे कोणातरी एकाच्या डोक्यात अख्खं असावं लागतं. ते डोकं तुमचं. मराठीत या पदाला धड शब्द नाही. आमच्या सिस्टर मला 'वॉर्डवाळा मॅडम' म्हणतात आणि मला ते पत्रावरच्या नावापेक्षा जास्त पटतं.

पहिली पायरी: आपण कोणाच्या जागेवर आलोय ते ओळखा

हॉस्पिटलिस्ट हा शब्द रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या लेखात रूढ केला. तोवर तिथे फॅमिली डॉक्टरच आपल्या दाखल पेशंटला बघायला सकाळी क्लिनिकच्या आधी नाहीतर संध्याकाळी नंतर चक्कर मारायचे. मधल्या वेळात काही बिघडलं तर फोनवर सूचना. दाखल होणारे पेशंट जास्त जास्त आजारी, मुक्काम मात्र कमी, खर्चावर विमा कंपन्यांची नजर. दिवसभर इमारतीतच असणारा डॉक्टर लागणार हे उघड होतं. कॉलेजांच्या रुग्णालयांत आणखी एक कारण आलं. २००३ पासून तिथल्या रेसिडेंटना, म्हणजे शिकता शिकता वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरांना, आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा घातली गेली. त्यांच्या हातून सुटलेलं काम कोणीतरी उचलायला हवं होतं, ते हॉस्पिटलिस्टनी उचललं. वीस वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी पुन्हा लेख लिहिला तेव्हा अमेरिकेत त्यांची संख्या ५० हजारांवर गेली होती.

आपल्याकडची घडण वेगळी. सरकारी कॉलेजात, म्हणजे इथे १९४९ पासूनचं बडोदा मेडिकल कॉलेज आणि त्याचं सयाजी हॉस्पिटल धरा, 'युनिट' असतं. वर प्राध्यापक, मध्ये सहयोगी आणि सहायक, खाली सीनियर आणि ज्युनियर रेसिडेंट. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले, इमर्जन्सीचे वार ठरलेले. अख्खा पेशंट डोक्यात ठेवण्याचं काम तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट करतो, अर्धवट झोपेत. हॉस्पिटलिस्ट हे वेगळं पद तुम्हाला बहुतेक खाजगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात मिळेल. तिथे वर नावाजलेले कन्सल्टंट असतात, खाली रेसिडेंट आणि इंटर्न, आणि मध्ये तुम्ही.

मधली जागा अवघड असते. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना स्पष्ट विचारा: पेशंट कोणाच्या नावावर दाखल होणार? औषध बदलायचं तर मी बदलू की विचारू? मध्यरात्री आयसीयूत हलवायचं तर शेवटचा शब्द कोणाचा? नम्रपणे विचारा, पण उत्तर लेखी घ्या. हे न विचारल्यामुळे झालेली भांडणं मी अनेक पाहिली आहेत, आणि ती नेहमी पेशंटच्या खाटेपाशीच होतात.

दुसरी पायरी: कान तयार करा

वॉर्ड पाहून घ्यायला एक दिवस पुरतो. इमर्जन्सीची ट्रॉली कुठे, डिफिब्रिलेटर चालू आहे का, रक्तपेढीचा नमुना कोण नेतं, रात्री लॅबमध्ये कोणत्या तपासण्या होत नाहीत, आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर कोण बसतं. गुजरातमध्ये आयुष्मान कार्डाला लोक अजून 'मा कार्ड'च म्हणतात. जुलै २०२३ पासून इथे कुटुंबामागे वर्षाला १० लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण मंजुरीचे कागद वेळेत गेले तरच ते पेशंटच्या कामाचं. मध्य प्रदेशातून आलेल्यांचं आयुष्मान कार्डही योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. नातेवाइकांना हे बऱ्याचदा ठाऊक नसतं आणि ते उगाच उसनवारी करत बसतात.

भाषेला मात्र एक दिवस पुरत नाही. शियापुऱ्यातले, बाबाजीपुऱ्यातले आपले मराठी लोकसुद्धा घरी मराठी बोलतात आणि दुखणं गुजरातीत सांगतात. "गभरामण थाय छे" असं कोणी म्हटलं की महाराष्ट्रातून आलेला नवा डॉक्टर 'घाबरलाय' असं समजून पाठीवर हात फिरवतो. गभरामण म्हणजे भीती नव्हे. जीव कासावीस होणं, छातीत कसंतरी होणं. पन्नाशीच्या मधुमेही माणसानं हा शब्द उच्चारला की आधी ईसीजी, मग दिलासा. 'खेंच आवी' म्हणजे स्नायू आखडला असं नाही, फिट आली. 'कमळो' म्हणजे कावीळ. 'कळतर' म्हणजे अंगदुखी, कसकस. 'श्वास चढे छे' म्हणजे धाप लागते. आणि 'रजा क्यारे मळशे?' हा प्रश्न तुम्हाला दिवसातून तीस वेळा ऐकू येईल. रजा म्हणजे डिस्चार्ज. पंधरवडाभर एक छोटी वही खिशात ठेवा. शब्द कळला नाही तर मावशींना विचारा, त्यांना सगळं येतं.

तिसरी पायरी: राउंडच्या आधीचा तास

राउंड नऊला असेल तर साडेसातला वॉर्डात हवं. रात्रीच्या सिस्टर निघायच्या आत त्यांना गाठा. त्यांच्या तोंडचं "बारा नंबरचे काका रात्री कसेतरीच करत होते" हे वाक्य कुठल्याही कागदावर नसतं, आणि त्याच काकांना दुपारी सेप्सिस निघतो.

मग सगळ्यात आजारी पेशंट आधी, खाटेच्या क्रमानं नाही. श्वासाचा वेग स्वतः मोजा. भारतातल्या कोणत्याही वॉर्डात चार्ट उघडा, सगळे पेशंट मिनिटाला २० श्वास घेत असतात, कारण मोजत कोणीच नाही! खरं तर बिघाडाची पहिली खूण बऱ्याचदा तिथेच असते, रक्तदाब पडण्याच्या कितीतरी आधी. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजणारा डॉक्टर वॉर्डात विचित्र दिसतो. दिसू द्या.

प्रत्येक खाटेपाशी मी मनात एक उजळणी करते. लघवीची नळी अजून कशाला आहे? हातातली सुई वापरात आहे का, नुसतीच सुजतेय? अँटिबायोटिकचा आज कितवा दिवस, कल्चर आलं का? पायात गुठळी होऊ नये म्हणून काही दिलंय का, की रक्तस्रावाच्या भीतीनं मुद्दाम टाळलंय? काल हा माणूस खाटेवरून उठला का, पोटभर जेवला का, झोपला का? ही भारी चिकित्सा नाही. पण ४८ ते ७२ तासांनी अँटिबायोटिकचा फेरविचार कोणी केलाच नाही म्हणून तीच औषधं दहा दिवस चालू राहतात. नळी 'सोयीची' म्हणून ठेवली जाते आणि आजोबा न्यूमोनियातून बरे होऊन मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानं पुन्हा तापतात. कन्सल्टंटना हे बघायला वेळ नसतो, इंटर्नला त्याचं महत्त्व अजून कळलेलं नसतं.

म्हातारी माणसं रात्री बरळू लागली की लगेच झोपेचं इंजेक्शन लिहू नका. चष्मा कुठे आहे, श्रवणयंत्र लेकानं घरी नेलंय का, शौचाला झाली का, लघवी तुंबलीय का, हे आधी. आमच्याकडच्या एका आजींचं बरळणं पिशवीतला चष्मा सापडल्यावर निम्मं ओसरलं. उरलेलं निम्मं रक्तातलं सोडियम बिघडल्याचं होतं.

चौथी पायरी: राउंड, आणि मागे उभी असलेली पोरं

कॉलेजच्या रुग्णालयाचा अर्थच हा, की तुमच्यामागे सहा-सात जण उभे आहेत. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, इंटर्न, दोन रेसिडेंट, नर्सिंगच्या मुली. पेशंटला आधी सांगा की ही शिकणारी मुलं आहेत, चालेल ना? नाही म्हणायचा त्याला अधिकार आहे. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट खूश होतात, पण विचारलं याची नोंद त्यांच्या मनात राहते.

शिकवायचं म्हणून वेगळं व्याख्यान नको. एका राउंडला एकच पेशंट निवडा, दहा मिनिटं. मुलांना आधी बोलू द्या, तुमचं निदान शेवटी. चूक निघाली तर खाटेपासून लांब नेऊन सांगा. नातेवाइकांसमोर रेसिडेंटला झापणारे वरिष्ठ माझ्या पिढीनं खूप सोसले. त्यातून मी एवढंच शिकले की रात्री दोनला वरिष्ठांना फोन करायला घाबरायचं. आणि ज्या वॉर्डात रेसिडेंट फोन करायला घाबरतो तिथे पेशंटचं काही खरं नाही.

पाचवी पायरी: रेफरन्स लिहिताना प्रश्न लिहा

दुसऱ्या तज्ज्ञाला पेशंट बघायला बोलावताना लिहिलं जाणारं 'काइंडली सी अँड डू द नीडफुल' हे वाक्य वहीतून कायमचं हद्दपार करा. "किडनीचं मत हवं" हाही प्रश्न नव्हे. "क्रिएटिनिन तीन दिवसांत दुप्पट झालं, लघवी कमी, वेदनाशामक बंद केलं, आज डायलिसिस लागेल का?" हा प्रश्न. असा कागद गेला की तज्ज्ञ लवकर येतात, आणि आले की उपयोगाचं बोलतात.

दोन तज्ज्ञांची मतं भिडली तर ती पेशंटच्या फाइलमध्ये आपापसांत भांडत ठेवू नका. हृदयवाले म्हणणार पाणी कमी, किडनीवाले म्हणणार पाणी द्या. दोघांना फोनवर एकत्र घ्या, ठरवा आणि ठरलेलं तुमच्या हातानं लिहा.

ऑर्थोपेडिकच्या वॉर्डातून बोलावणं आलं तर टाळू नका. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावं, अडतं ते बहुधा साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपाशी. हाड त्यांचं, बाकीचा माणूस तुमचा. तुम्ही आज दुपारी 'फिट' लिहिलं की उद्या सकाळी थिएटर मिळतं. उगाच प्रत्येकाचा इको मागवत बसलात तर आणखी दोन दिवस गेले.

मध्येच थोडं: या भागातले आजार

हे पुस्तकात एका जागी मिळणार नाही. वडोदऱ्याच्या रुग्णालयांत पंचमहाल, छोटा उदेपूर आणि सीमेपलीकडच्या अलिराजपूर-झाबुआ भागातून पेशंट येतात. त्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. अंग ठणकतंय म्हणून तळमळणारा विशीतला मुलगा आला तर तो नाटक करतोय किंवा इंजेक्शनची सवय लागलीय असं समजणं हा नव्या डॉक्टरचा नेहमीचा अपराध. वेदना खरी मानून लगेच पुरेसं औषध द्या, ऑक्सिजन बघा. ताप, खोकला किंवा छातीत दुखणं असेल तर एक्स-रे काढा, कारण छातीतली गुंतागुंत जिवावर बेतते. रजा देताना हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू आहे का आणि ते गावाकडे कुठून मिळणार, हे विचारल्याशिवाय सोडू नका.

पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, आणि शेतावरून आलेले सर्पदंश. मण्यारीचा दंश, इथले लोक तिला काळोतरो म्हणतात, फसवा असतो. माणूस जमिनीवर झोपलेला, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, दंशाची खूण सापडत नाही, आणि थोड्या वेळात पापण्या मिटायला लागतात. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या तर सापाचा विचार करा आणि व्हेंटिलेटर कुठे मोकळा आहे ते तेव्हाच बघून ठेवा. डेंग्यूत प्लेटलेटच्या आकड्यावरून नातेवाईक भांडतील. तुम्ही हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), नाडी आणि लघवी बघा. ताप उतरण्याच्या सुमाराला जास्त सावध राहा, कारण धोक्याचे तास बहुधा तेव्हाच सुरू होतात.

सहावी पायरी: नातेवाईक

गुजरातेत काय किंवा महाराष्ट्रात काय, पेशंट एकटा दाखल होत नाही. सकाळी मुलगा विचारतो, दुपारी जावई, संध्याकाळी अमेरिकेतून पुतण्या व्हॉट्सॲपवर. प्रत्येकाला वेगळ्या डॉक्टरनं वेगळं सांगितलेलं असतं. पहिल्याच दिवशी विचारा, "घरातलं एक नाव सांगा, रोज चारला मी त्यांच्याशी बोलेन." ते नाव फाइलवर लिहा आणि चारला खरोखर जा. वेळ पाळलीत तर निम्मे वाद होतच नाहीत.

बसून बोला. उभ्यानं सांगितलेली दहा मिनिटं दोनच वाटतात. कॅन्सर निघाला की घरचे कोपऱ्यात नेऊन सांगतील, "बापुजींना सांगू नका." ताबडतोब हो किंवा नाही म्हणू नका. बापुजींना विचारा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी? कित्येकदा त्यांना अंदाज आलेला असतो आणि तेही घरच्यांना जपत असतात.

मराठी कुटुंब भेटलं की "मॅडम तुम्ही आपल्याकडच्या का?" हे येणारच. हो म्हणा, पण शेजारच्या खाटेवरच्या रबारी काकांशीही तितकाच वेळ बोला. वॉर्डात सगळे सगळं बघत असतात.

सातवी पायरी: हँडओव्हर

संध्याकाळी निघताना "सगळे स्टेबल आहेत" असं सांगून गेलात तर रात्रीच्या डॉक्टरला काहीच सांगितलेलं नाही. 'आय-पास' नावाची एक पद्धत आहे: किती आजारी, थोडक्यात हकीकत, करायची कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. अमेरिका-कॅनडातल्या ९ रुग्णालयांत बालरोगाच्या रेसिडेंटना ती शिकवली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या.

यातला शेवटचा भाग आपल्याकडे सगळे गाळतात. परत सांग म्हटलं की समोरच्याला परीक्षा वाटते. मी चहा घेता घेता करते, मग वाटत नाही. आणि चौथा भाग असा लिहावा: "सात नंबर, रक्ताची उलटी झाली तर दोन पिशव्या तयार आहेत, गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना आधीच सांगितलंय, फोन करायला कचरू नकोस."

आठवी पायरी: रजा

रजेची तयारी दाखल झाल्याच्या दिवशी सुरू होते. घरी कोण आहे, जिना आहे का, इन्सुलिन कोण टोचणार, फ्रीज आहे का. शेवटच्या दिवशी अकरा वाजता हे विचारलंत तर पेशंट संध्याकाळी सातपर्यंत खाटेवर आणि खाली इमर्जन्सीत दुसरा स्ट्रेचरवर.

माझी स्वतःची चूक सांगते. नवी होते, दुसऱ्या एका रुग्णालयात. सत्तरीच्या एका काकांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन लिहून दिलं, आमच्या दुकानात मिळणाऱ्या ब्रँडचं, आणि खाली नेहमीचं वाक्य: 'पूर्वीची औषधं चालू ठेवावीत.' पूर्वीच्या औषधांत टेल्मिसार्टनच होतं, दुसऱ्या नावाचं. काकांनी दोन्ही इमानेइतबारे घेतली. पाचव्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, कपाळाला सहा टाके, रक्तदाब ८० वर. त्यांच्या सुनेनं दोन्ही पाकिटं टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून दाखल होताना घरची औषधांची पिशवी मागवते, खरी पिशवी, चिठ्ठी नाही. रजेच्या कागदावर तीन याद्या: ही चालू, ही बंद, ही नवी. औषधाचं मूळ नाव आधी, ब्रँड नंतर, कारण जनऔषधी दुकानात दुसरंच पाकीट मिळणार आहे. बंद केलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर पेशंटसमोर पेननं काट मारते. मग त्यांनाच विचारते, "आता सांगा, सकाळी काय घेणार?" सारांशाच्या शेवटी चार ओळी गुजरातीत, मोठ्या अक्षरात: काय झालं होतं, काय घ्यायचं, कधी यायचं, काय दिसलं तर लगेच यायचं. लिहायला रेसिडेंटची मदत घ्या, लाजू नका.

डामा, म्हणजे सल्ल्याविरुद्ध घरी जाणं, हे रागानं सही घेऊन मिटवण्याचं प्रकरण नव्हे. कारण विचारा. कारण बहुधा पैसे असतात, नाहीतर घरची म्हैस, नाहीतर लेकीची परीक्षा. त्यातली निदान काही सुटतात. नाहीच थांबला, तरी औषधं आणि कागद देऊनच पाठवा.

राहता राहिला रजेनंतर येणारा रिपोर्ट. बायॉप्सी आठवड्यानं येते, टीबीचं कल्चर काही आठवड्यांनी. पेशंट घरी, रेसिडेंट दुसऱ्या युनिटला, आणि रिपोर्ट लॅबच्या कप्प्यात. माझ्याकडे एक साधी शंभर पानी वही आहे: नाव, फोन, कोणता रिपोर्ट, कधी अपेक्षित. शनिवारी दुपारी वॉर्ड जरा शांत असतो, तेव्हा ती उघडते आणि एकेक फोन लावते.